फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन बांधताना आतले पार्ट कसे निवडायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात जुन्या गाड्या जपणारी मंडळी अजून बरीच आहेत. बहुतेकांकडे फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी किंवा १४८९ सीसीची पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडर असते. इंजिन ऑइल खायला लागलं, मागून निळा धूर यायला लागला की सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. इथली उत्तरं या दोन इंजिनांपुरती आहेत. नंतरच्या इसुझू इंजिनाच्या अ‍ॅम्बॅसेडरचा हिशोब वेगळा.

पिस्टन सेट स्वस्तात मिळतोय. इंजिन उघडायच्या आधी घेऊन ठेवू का?

नको. आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त पैसे बुडवणारा प्रश्न हाच. ही इंजिनं तीस ते साठ वर्षं जुनी आहेत. मधल्या काळात ती किती वेळा उघडली, कोणी किती बोअर मारला (म्हणजे सिलिंडर कापून मोठा केला), क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) किती वेळा घासला याचा कागद कुणाकडेच नसतो. गाडी टॅक्सीत चाललेली असेल तर विचारूच नका.

आधी इंजिन पूर्ण उघडा, ब्लॉक आणि क्रँक धुऊन घ्या, मापं काढा. त्या मापांवरून साइज ठरते आणि मग पिस्टन शोधायचा. पिस्टन हातात आल्यावरच बोअरिंगला ब्लॉक द्यायचा, कारण चांगला बोअरिंगवाला डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. तो प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजतो आणि त्या-त्या पिस्टनला त्याचा-त्याचा सिलिंडर बनवतो. चारही पिस्टनवर नंबर टाकून घ्या आणि फिटिंगच्या वेळी त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

मापं नेमकी कुठे घ्यायची? मेस्त्री बोट फिरवून सांगतो, तेवढं पुरे नाही का?

बोटाला वरची कड लागते, म्हणजे रिंग जिथे थांबते तिथली न झिजलेली किनार. त्यावरून झीज आहे एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही.

बोअर डायल गेज लागतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये तीन उंचींवर माप घ्यायचं: कडेच्या लगेच खाली, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, क्रँकच्या लांबीच्या दिशेने आणि त्याला आडवं. सर्वांत जास्त झीज वरच्या भागात, आडव्या दिशेने सापडते. तिथे उष्णता सर्वांत जास्त, ऑइल सर्वांत कमी आणि रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) तिरका असताना पिस्टन त्याच बाजूला दाबला जातो. वरचं आणि खालचं माप यातला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे अंडाकृतीपणा. यातलं काहीही साधारण ०.१ मिमीच्या पुढे गेलं, तर बोअरिंगशिवाय पर्याय नाही असं आम्ही धरतो.

चार सिलिंडरपैकी सर्वांत खराब असेल त्याच्यावरून साइज ठरते. तीन चांगले आणि एक बाद असला तरी चारही एकाच साइजला जातात.

बोअर किती मारता येतो? सीसी वाढतो का?

फियाटचा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी, म्हणून १०८९ सीसी. अर्धा मिमी बोअर मारला की साधारण ११०६, एक मिमीला ११२२, दीड मिमीला ११३८. गाडी चालवताना हा फरक जाणवत नाही. अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचा बोअर ७३.०२५ मिमी आणि स्ट्रोक ८८.९ मिमी. ही मापं मुळात इंचातली आहेत, म्हणून ती अशी विचित्र दिसतात.

आणि इथेच लोक फसतात. ओव्हरसाइज, म्हणजे पिस्टन मूळ मापापेक्षा किती मोठा ते, कधी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, तर कधी थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. डब्यावर ०४० असेल तर ते बहुधा ४० थाउ, म्हणजे जवळजवळ एक मिमी. ०.४० असेल तर ०.४ मिमी. टिंबाचा फरक, पण ब्लॉकमधून सहा दशांश मिमी लोखंड जादा निघालं तर ते परत येत नाही. दुकानदाराशी फोनवर बोलताना ‘चाळीसचा द्या’ एवढंच कधीही म्हणू नका.

जितकी लहान ओव्हरसाइज पुरेल तितकी घ्या. पुढच्या वेळेला लोखंड शिल्लक राहतं. ब्लॉक आधीच शेवटच्या साइजला गेलेला असेल तर स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची लोखंडी नळी) टाकून परत स्टँडर्डवर, म्हणजे मूळ मापावर आणता येतो. स्लीव्हबद्दल लोकांना उगाच भीती असते. नीट प्रेस केलेली, वरून ब्लॉकच्या फेसबरोबर घासलेली स्लीव्ह वर्षानुवर्षं चालते. बोअर पातळ करून ठेवलेल्या ब्लॉकपेक्षा ती केव्हाही बरी, कारण पातळ भिंत गरम झाल्यावर वाकडी होते आणि गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उकळते.

नुसत्या रिंगा आणि बेअरिंग बदलून भागेल का? मेस्त्री ‘हाफ इंजिन’ म्हणतो.

भागतं, पण बोअरची झीज हद्दीत असेल तरच. टेपर बोअरमध्ये नवी रिंग प्रत्येक फेरीत वर पसरते आणि खाली आवळते. काही महिने धूर कमी होतो, मग रिंग थकते. गाडी विकायची असेल तर लोक हाफ इंजिन करतात, हे आम्हाला माहीत आहे. ठेवायची असेल तर करू नका.

हद्दीत असेल तर वरची कड रिमरने काढून टाका, बोअरला हलका होन मारा (बारीक दगडाने घासून रेघा पाडा) आणि पिस्टनच्या खाचा तपासा. खाच रुंद झालेली असेल तर नवी रिंग त्यात डुलते आणि ऑइल वर पंप करते.

रिंग साध्या घ्यायच्या की क्रोमच्या?

नुसता होन मारलेल्या जुन्या बोअरमध्ये साध्या कास्ट आयर्नच्या. त्या मऊ असतात, लवकर बसतात. ताज्या बोअरिंगमध्ये वरची रिंग क्रोमची घेतली तर ती जास्त टिकते, पण होनिंगचा पोत रिंग बनवणाऱ्याने सांगितलाय तसाच हवा. गुळगुळीत बोअरमध्ये क्रोम रिंग बसतच नाही आणि नवं इंजिन पहिल्या दिवसापासून धूर मारतं. होनच्या रेघा एकमेकींना तिरक्या छेदायला हव्यात, आडव्या गोल नकोत.

प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलून फट मोजा. या आकाराच्या बोअरला वरच्या रिंगची फट साधारण ०.२ ते ०.३ मिमी लागते. कमी असेल तर कानसीने टोक घासा. फट मिटली तर गरम झाल्यावर रिंग अडकते आणि सिलिंडर ओरखडते. जास्त फट त्यापेक्षा कितीतरी परवडली.

पिस्टन कोणत्या कंपनीचा घ्यावा?

जुन्या गाड्यांच्या बाबतीत ‘कोणता मिळतो’ हाच खरा प्रश्न असतो. इंडिया पिस्टन्स, गोएट्झे आणि श्रीराम पिस्टन्सचा उषा ही आपल्या बाजारातली माहितीची नावं. बेअरिंगमध्ये कोइम्बतूरच्या बायमेटलचं नाव जुने मेस्त्री घेतात. पण नावाइतकीच नक्कलही जुनी आहे, म्हणून हे तपासा:

चारही पिस्टन पिनसकट सोनाराच्या काट्यावर तोला. दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. जड असेल त्याच्या आतल्या बाजूने थोडं घासून जुळवता येतं, पण दहा ग्रॅमचा फरक दिसला तर सेट परत करा. ज्याने वजन जुळवलं नाही त्याने बाकीचंही जुळवलं नसणार. व्यास मोजायचा तो पिनला काटकोनात, खालच्या स्कर्टवर. डोक्याजवळ मोजलात तर पिस्टन नेहमी लहानच वाटेल, कारण तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. पिन तेल लावून अंगठ्याच्या दाबाने सरकायला हवी, खडखडायला नको.

बोअर आणि पिस्टन यांतलं अंतर पिस्टनच्या डब्यावर किंवा कागदावर असतं, तेच पाळा. काहीच नसेल तर या आकाराच्या साध्या अ‍ॅल्युमिनियम पिस्टनला दोन थाउच्या आसपास, म्हणजे ०.०५ मिमी, हा आमच्याकडचा चालता आकडा आहे.

क्रँक घासावा लागेल असं लेथवाला म्हणतो. बेअरिंग कशी निवडू?

आधी तो का म्हणतो ते विचारा. नखाला रेघ लागते, की जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) अंडाकृती झालंय? मायक्रोमीटर चार दिशांनी फिरवा. नुसती हलकी रेघ असेल तर पॉलिशवर काम होतं आणि एक साइज वाचते. दोन्ही इंजिनांत क्रँकला मेन बेअरिंग तीनच आहेत. आधुनिक इंजिनात पाच असतात. त्यामुळे इथे मधलं बेअरिंग बिचारं खूप सोसतं. तेच सर्वांत आधी झिजलेलं सापडतं आणि क्रँक वाकला असेल तर तो तिथेच दिसतो.

घासण्याआधी तडा तपासा. मॅग्नेटिक टेस्टची सोय नसेल तर जुनी पद्धत चालते: क्रँक रॉकेलमध्ये बुडवून काढायचा, कोरडा पुसायचा आणि खडूची पूड लावायची. तडा असेल तर आतलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तडा गेलेल्या क्रँकवर ग्राइंडिंगचे पैसे घालू नका.

ग्राइंडरला दोन गोष्टी आवर्जून सांगा. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई मूळ होती तशीच राहिली पाहिजे. तिथे धारदार कोपरा पडला की क्रँक एक दिवस तिथूनच तुटतो. दुसरं, ऑइलच्या भोकांच्या कडा मोडून गुळगुळीत करायच्या, नाहीतर त्या नवीन शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) खरवडतात. मग क्रँकच्या आतली ऑइलची वाट तार आणि ब्रशने धुवा. त्यात वर्षानुवर्षांचा गाळ असतो, शिवाय ग्राइंडिंगची पूड.

शेल विकत घेताना साइज १०, २०, ३० थाउ अशी जाते. क्रँक आधी घासायचा नाही, आधी शेल मिळतात का ते बघायचं. तीस थाउला घासून ठेवला आणि बाजारात फक्त वीस आहे, अशी फजिती आम्ही पाहिलेली आहे. शेल बसवल्यावर प्लास्टिगेजची बारीक काडी ठेवून कॅप पूर्ण टॉर्कने आवळा, उघडा आणि पट्टी किती पसरली ते मोजा. जर्नलच्या दर इंच व्यासाला साधारण एक थाउ अंतर, असा ढोबळ हिशोब आहे. कॅप फाईलने घासून बेअरिंग ‘टाइट’ करणारा मेस्त्री भेटला तर नमस्कार करून उठा.

थ्रस्ट वॉशर विसरू नका. क्लच दाबल्यावर क्रँक पुढे ढकलला जातो आणि तो भार हे वॉशर घेतात. तीन हात नाक्यापासून कासारवडवलीपर्यंत संध्याकाळी क्लचवर पाय ठेवून रेंगाळणाऱ्या गाडीचे वॉशर कसे असतात ते उघडल्यावर बघा.

कॅम चांगला दिसतोय. टॅपेट फक्त नवीन टाकू?

जुन्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) नवीन टॅपेट (कॅमवर टेकणारे ठोकळे) चालतात, तळ नीट घासलेले असतील तर. नवीन कॅमवर जुने टॅपेट मात्र अजिबात नाही. जुने टॅपेट परत वापरायचे असतील तर प्रत्येक ज्या जागेवरून काढला त्याच जागेवर गेला पाहिजे. काढतानाच पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात ओळीने लावून ठेवा.

हेडमध्ये काय बदलायचं? अनलेडेड पेट्रोलने सीट जळतात म्हणतात.

शिशाचं पेट्रोल देशात २००० मध्ये पूर्ण बंद झालं. जुन्या इंजिनात ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) यांमध्ये गादीसारखं काम करायचं. ते गेल्यावर मऊ सीट हळूहळू खचतात, टॅपेटची फट मिटत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

अ‍ॅम्बॅसेडरचं हेड लोखंडी, सीट हेडमध्येच कापलेल्या. तिथे एक्झॉस्टच्या चार जागा मोठ्या करून कडक सीट बसवणं हा पैसा वसूल होणारा खर्च आहे. फियाटचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे सीट वेगळ्या बसवलेल्याच असतात. त्या सैल झाल्यात का आणि किती वेळा कापल्यात ते बघा. सीट फार खोल गेली असेल तर बदलायची. सीएनजीवर चाललेली गाडी असेल तर प्रश्नच नाही, कडक सीट आणि चांगले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घ्याच, कारण गॅस कोरडा असतो आणि सीट लवकर खातो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. उष्णतेला टिकणाऱ्या चांगल्या स्टेनलेस व्हॉल्व्हच्या डोक्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला म्हणून माल नकली असं लगेच नाही, जुन्या काळचे मूळ व्हॉल्व्हही चिकटायचे. पण दुकानदार ‘स्टेनलेस’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर मग चिकटता कामा नये.

गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आधी, सीट नंतर. गाइड सैल ठेवून सीट कापली तर ती गोल होत नाही. स्प्रिंग आठही एका रांगेत उभ्या करा, बुटक्या किंवा वाकड्या असतील त्या बाजूला काढा. हेडवर सरळपट्टी ठेवून ०.०५ मिमीपेक्षा मोठी फट दिसली तर फेसिंग करा, पण फक्त लागेल तेवढंच. फियाटची हेडं दर वेळी घासली गेलेली असतात आणि त्यामुळे कॉम्प्रेशन वाढून चढावर टणटण आवाज येतो.

ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे आतले पार्ट खराब होतात का?

पिस्टन, रिंग, बेअरिंगला फारसा धोका नाही. त्रास होतो तो पेट्रोल पंपाच्या पडद्याला, जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्ब्युरेटरच्या पॅकिंगला. इंजिन बाहेर आहे तोवर हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं करून घ्या. मिश्रणही जरा पातळ होतं, म्हणून इंजिन बसल्यावर प्लगचा रंग बघा आणि तो पांढरा पडत असेल तर जेट मोठा करा.

पार्ट शोधायला कुठे जाऊ?

नव्या आणि जुन्या स्टॉकसाठी ऑपेरा हाउसची स्पेअर पार्ट बाजारपेठ, काढलेल्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, त्यामुळे वापरलेले क्रँक, रॉड, हेड अजून हाती लागतात. मशिनिंगसाठी वागळे इस्टेट आणि तुर्भे-रबाळ्याकडची एमआयडीसी. वागळेतल्या कितीतरी जुन्या शेडच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत आणि जुने हात निवृत्त होतायत, तेव्हा चांगला बोअरिंगवाला सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

डब्यातला जुना स्टॉक असेल तर धातूचा माल घ्या, गंज नसेल तर तो उत्तम असतो. त्याच डब्यातली पॅकिंग आणि ऑइल सील मात्र फेका. रबर आणि कॉर्क वाळून गेलेलं असतं.

ऑइल पंप आणि टायमिंग चेन?

चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं एकत्रच बदला. पंपाचं झाकण आतून घासलेलं असतं, ते काचेवर बारीक एमरी ठेवून सपाट करता येतं. गिअरचे दात झिजले असतील तर पंप नवा.

अ‍ॅम्बॅसेडरचं मागचं ऑइल सील कोणत्या नंबरचं?

त्या इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतंच. क्रँकवरचे आटे ऑइल परत आत ढकलतात. इंजिनात दाब वाढला, ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबला की तिथून गळतं. थोडा थेंब पडणं हा त्या गाडीचा स्वभाव आहे.

हाय कॉम्प्रेशन पिस्टन, गरम कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) टाकून ताकद वाढवता येईल?

येईल. पण मग गाडी थांबवायची कशी? पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि क्रँक तीन बेअरिंगवर आहे. सगळे पार्ट नीट मोजून, तोलून बसवलेलं मूळ इंजिन कसारा घाट तिसऱ्यात ज्या शांततेने चढतं, ते बघितल्यावर हा प्रश्न बहुतेकजण परत विचारत नाहीत.

ब्लॉक बदलला तर आरटीओत अडचण येते का?

येते. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. ठाणे असो की वाशी, पासिंगला नंबर जुळला पाहिजे. म्हणून आम्ही ब्लॉक बदलण्याऐवजी स्लीव्ह टाकायला सांगतो. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी मिळू शकते, पण त्यासाठी इंजिन, चेसी आणि बॉडी मूळ स्वरूपात हवी. ओव्हरसाइज पिस्टनने मूळ स्वरूप बदलत नाही असं आमचं मत. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं ही वेगळी गोष्ट. आणि अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, हे आधी लक्षात घ्या.

पावसाळ्यात काम काढू का?

जमलं तर टाळा. बोअर मारलेला उघडा ब्लॉक जुलैमध्ये एका रात्रीत तांबूस होतो. काढलंच तर होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासून धुवा, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. नुसत्या रॉकेलने होनची पूड निघत नाही. लगेच कोरडा करून ऑइल लावा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळा. याच वेळी ब्लॉकचे डमी प्लग (बाजूच्या भोकांची पत्र्याची झाकणं) नवे टाका आणि पाण्याच्या वाटेतला गाळ काढा.

पहिल्यांदा सुरू करताना ऑइल कोणतं आणि गाडी किती दिवस हळू चालवायची?

साधं मिनरल २०डब्ल्यू-५०. सिंथेटिक नको, रिंगा बसायला वेळ लागतो. टॅपेट आणि कॅमला फिटिंगची पेस्ट लावलेली असावी. प्लग काढून सेल्फ मारा, ऑइलचा दाब दिसला की मगच प्लग लावा. नवीन कॅम असेल तर सुरू झाल्याबरोबर वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा. या काळात आयडलवर सोडलं तर कॅमच्या टोकाला पुरेसं ऑइल उडत नाही.

नंतर रिंगा बसायला भार लागतो. सकाळी लवकर पाम बीच रोडवर जा, वेग कमी-जास्त करत राहा, मधूनमधून जोर द्या आणि सोडा. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट परत सेट करा, हेडचे नट मॅन्युअलच्या क्रमाने तपासा.

एकूण खर्च किती?

फोनवर सांगत नाही. ब्लॉक कोणत्या साइजला आहे आणि क्रँक घासावा लागतो का, या दोन गोष्टींवर निम्मा हिशोब फिरतो आणि त्या उघडल्याशिवाय कळत नाहीत. उघडणं, धुणं आणि मोजणं याचे पैसे वेगळे ठरवा. मापांचा कागद लिहून घ्या, काम दुसरीकडे द्यायचं ठरलं तरी तो तुमचाच.

काढलेले जुने पार्ट भंगारात देऊ का?

हजार किलोमीटर होईपर्यंत नको. जुन्या शेलच्या पाठीवर साइज कोरलेली असते, जुन्या पिस्टनच्या डोक्यावर नंबर असतो. नव्या इंजिनात आवाज आला तर पहिली तुलना त्यांच्याशीच करायची असते. स्टँडर्ड साइजचा क्रँक आणि न घासलेलं हेड तर कधीच देऊ नका. तेल लावून, पिशवीत बांधून माळ्यावर टाका, आणि क्रँक उभा ठेवा.